बारा मडकी चिखल

एकदा एक डोंगरमाथा जळाला. होळी होऊन चार दिवस झाले होते, होळीची राख अजून चव्हाट्यावर तशीच पडून होती, आणि भर दुपारी पठाराच्या पश्चिम कड्यावरून वणवा आत शिरला. तो कुणी लावला, कसा लागला, हे शेवटपर्यंत कळले नाही. संध्याकाळपर्यंत कमरेएवढे गवत, त्यात दाटलेली रामेठ्याची झुडपे आणि या सगळ्यांच्या मधोमध असलेली पाणथळ काळी करून तो पूर्वेच्या उतारावर विझला.

पाणथळ म्हणजे त्या माथ्यावरची बशीसारखी खोलगट जागा. वर्षाचे बारा महिने तिथली जमीन ओली असे. लव्हाळ्याचे दाट गालिचे, पांढऱ्या गोंड्यांचे पाणगेंद, भाद्रपदात निळी-जांभळी सीतेची आसवं. आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत गार, काळा चिखल. त्या चिखलातून थेंब थेंब पाझरणारे पाणी पुढे एकत्र येऊन ओढा होई आणि तो ओढा पायथ्याच्या वाडीला चैत्र-वैशाखातही पाणी देई. वाडीला विहीर नव्हती, कारण विहिरीची गरजच कधी पडली नव्हती.

या पाणथळीला एक राखणदार असे. त्या वेळचा राखणदार एक वृद्ध गृहस्थ होता. सगळी वाडी त्याला तात्या म्हणे. तात्यांना झाडपाल्याचे अफाट ज्ञान होते आणि बोलण्याचा कंटाळा. त्यांच्याकडे एक तरुण शिष्या होती. तालुक्याला शिकून आलेली, चलाख, मनाने फार चांगली. पण जात्याच भित्री. माळ्यावर मांजर उडी मारी आणि इकडे हिच्या हातातले भांडे पडे.

राखणदाराचे मुख्य काम वर्षातून एकदाच असे. मार्गशीर्षात गवत निम्मे पिवळे झाले, की पाणथळीच्या सभोवार पन्नास पावले रुंदीचा एक पट्टा मुद्दाम जाळायचा. सगळी वाडी जांभळाच्या हिरव्या फांद्या घेऊन उभी राही आणि जाळ पट्ट्याबाहेर जाऊ लागला की झोडपून विझवी. पण काडी ओढण्यापूर्वी एक रीत होती. पहाटे राखणदाराने एकट्याने, अनवाणी, त्या गवतातून एक फेरी मारायची. परत येऊन वाडीला एकच शब्द सांगायचा. पायांना दव लागले असेल तर "ओले". नसेल तर "कोरडे". ओले म्हणजे आज जाळ लावायचा. तो मंद चालेल, वरवरचे खाईल आणि ऐकेल. कोरडे म्हणजे आज कुणी काडीला हात लावायचा नाही. राखणदाराचा शब्द कुणी तपासत नसे. तशी पद्धतच नव्हती.

वणव्याच्या तीन वर्षे आधी तात्या उतारावरून घसरले आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला. माथा चढणे संपले. त्यांनी रीतसर वाडीसमोर शिष्येच्या हातात काडीची पेटी दिली आणि ते खाली वाडीत राहू लागले.

त्यानंतरच्या तीन मार्गशीर्षांत शिष्या पहाटे फेरी मारून आली आणि तिन्ही वर्षी तिने वाडीला सांगितले, "कोरडे." लोक आपापल्या फांद्या घेऊन परत गेले. पुन्हा कधी जायचे, हे तिने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

वणव्याच्या तिसऱ्या दिवशी वाडी माथ्यावर गेली. तात्यांना चौघांनी डोलीत घालून वर आणले. सगळीकडे काळे. लव्हाळ्याच्या जागी बोटभर जळके खुंट. काठावरच्या रामेठ्याचे नुसते सांगाडे. आणि पूर्वेच्या कोपऱ्यात एक विचित्र गोष्ट चालू होती. तिथे ज्वाळ दिसत नव्हती, जळण्यासारखे काही उरलेही नव्हते, तरी जमिनीतून निळसर धूर येत होता.

"भुई पेटली," कुणीतरी हळूच म्हणाले, आणि लोक दोन पावले मागे सरले.

त्या कोपऱ्यात एक चर होता. आदल्या दिवाळीत एका व्यापाऱ्याने पाटलांच्या संमतीने तो खणला होता. व्यापाऱ्याला पाणथळ कोरडी करून तिथे फळबाग लावायची होती. इतकी काळीभोर माती आपण उभ्या आयुष्यात पाहिली नाही, असे तो म्हणे. आणि ते खरे होते. मुळात तो वाईट माणूस नव्हता. वाडीतल्या प्रत्येक घराला बागेत काम देईन, असे तो मनापासून सांगत होता. वाडीने अजून होकार दिला नव्हता. नमुना म्हणून तेवढा एक चर खणू दिला होता. चराने पूर्वेचा कोपरा चार महिन्यांत कोरडा झाला होता.

आता व्यापारी राखेतून चालत पाटलांपाशी आला.

"पाटील, मला वाईट वाटतंय. खरंच. पण जे मेलं ते मेलं. आता तरी राखण कशाची करायची? चार चर आणखी मारू, पावसाच्या आत कलमं लावू."

पाटलांनी तात्यांकडे पाहिले. "तात्या, तुमचा शब्द मोडायचा नाही मला. पण शेट काय खोटं बोलत नाहीत. राखायला उरलंय काय?"

तात्या डोलीतून खाली उतरले, पाणथळीच्या मधोमध फतकल मारून बसले आणि त्यांनी काळ्या राखेत हात खुपसला. मनगटापर्यंत. मूठभर चिखल काढला, हुंगला, जिभेच्या टोकाला लावला. मग इतकी माणसे तोंडे पाडून उभी असताना ते चक्क हसले.

"हौसा," त्यांनी गर्दीत हाक मारली, "तुझ्याकडं बारा मडकी निघतील का?"

हौसाकाकू वाडीची कुंभारीण. जन्म भट्टीपाशी गेलेला आणि जिभेला त्याच भट्टीची धग.

"निघतील की. पाण्याला पायजेत?"

"चिखलाला."

"घ्या! म्हाताऱ्याच्या डोक्यात धूर गेला. नवीकोरी मडकी, आणि चिखल भरणार!"

"चांगली भाजलेली दे. कच्ची गळती नको."

"हौसाच्या मडक्याला गळती? तात्या, गुडघा गेला तो गेला, जीभ तरी सांभाळा."

इतक्या दुःखातही लोक हसले. तात्यांनी शिष्येला जवळ बोलावले. सहा मडकी मधल्या ओल्या भागातल्या चिखलाने भर, सहा चराजवळच्या, धूर निघून गेलेल्या जागेतल्या मातीने भर. चराच्या मडक्यांना चुन्याचा ठिपका लाव. सगळी देवळाच्या ओसरीत मांड. रोज एकाच ओढ्याचे, एकाच तांब्याने, सारखे पाणी घाल. मग ते पाटलांना म्हणाले,

"अक्षय्य तृतीयेला सभा घ्या. तोवर कुदळ मारू नका. त्या दिवशी मडकी काही बोलली तर मी बोलेन. नाही बोलली, तर पुढच्या चराची पहिली कुदळ मी स्वतः मारीन, बसल्या बसल्या."

व्यापारी उदारपणे म्हणाला, "दीड महिना काय, थांबू की. मडकी बोलणार असली तर ऐकायला मीही येईन."

लोक उतरू लागले. तात्यांनी शिष्येला थांबवून घेतले. डोली वाहणाऱ्यांकडून त्यांनी एक बांबूचा कळक आणवला होता, उभा चिरलेला आणि आतल्या गाठी कोरून काढलेला. त्याची दोन भकले पुन्हा जुळवून काथ्याने घट्ट बांधलेली होती. तो त्यांनी पाणथळीच्या मध्यात सरळ उभा दाबायला लावला. चौघांनी भार दिला तेव्हा तो पुरुषभर आत गेला. मग फिरवून, ओढून, चिखलासकट बाहेर काढला आणि ते चौघे लांब उताराकडे जाऊन बसले. काथ्या सोडून भकले उघडली, तेव्हा आत चिखलाचा एक लांबच लांब दंडगोल होता, आणि त्याच्यावर आडवे पट्टे होते. लुगड्याच्या काठावर असतात तसे.

"वाच," तात्या म्हणाले.

"हे वाचायचं?"

"तालुक्याला एवढी शिकलीस. वाच."

तिने वाकून पाहिले. सगळ्यात वर परवाची राख. खाली तपकिरी, तंतूंनी भरलेला थर. मग एक काळी रेघ. मग पुन्हा तंतू. मग फिकट वाळूचा पट्टा, त्याखाली काटक्यांचे तुकडे असलेला थर, आणि लगेच पुन्हा काळी रेघ. ती बोट ठेवत खाली गेली.

"तात्या, हा कोळसा आहे. काळी रेघ म्हणजे आग."

"किती रेघा?"

"नऊ... नाही, अकरा. तळाशी आणखी आहेत."

"आणि प्रत्येक रेघेच्या वर काय आहे?"

तिने पुन्हा पाहिले. प्रत्येक काळ्या रेघेच्या वर तेच तपकिरी तंतू होते, लव्हाळ्याची मुळे.

"हे वाळूचे पट्टे म्हणजे अतिवृष्टीची वर्षं," तात्या सांगू लागले. "तेव्हा पाणथळ काठाबाहेर पसरली. काटक्या आहेत तिथं पाऊस हटला होता. वर्षानुवर्षं हटला असेल. तेव्हा रामेठा, कारवी काठ ओलांडून आत आली. त्या झुडपांना काळ्या रेघेनं परत काठावर नेऊन बसवलं. पाणी आतून ढकलतं, झुडूप बाहेरून ढकलतं, आणि आग मधून फिरून दोघांची हद्द ठरवते. माझ्या आज्याच्या आज्याच्या आधीपासून हे चाललंय. ही पाणथळ कधी फुगली, कधी आक्रसली. पण मेली एकदाही नाही."

शिष्येचे लक्ष मात्र परवाच्या राखेवर होते. ती राख बाकीच्या सगळ्या रेघांपेक्षा जाड होती. बोटभर जाड.

"ही एवढी का?" तात्यांनी विचारले नाही, तिनेच विचारले, आणि उत्तरही तिला ठाऊक होते. "तात्या, मला एक सांगायचंय. तिन्ही वर्षी माझे पाय ओले होते."

तात्या सुटलेला काथ्या गुंडाळू लागले.

"पहिल्या वर्षी फेरी मारली, दव होतं. भरपूर. पण काडी हातात घेतली आणि मला वाटलं, वारा फिरला तर? पाणगेंद जळले तर? माझ्या हातून? मी कोरडे म्हणाले. वाटलं, एक वर्ष नाही जाळलं तर काय बिघडतं. दुसऱ्या वर्षी गवत दुप्पट होतं म्हणून जास्त भीती वाटली. तिसऱ्या वर्षी..."

"तिसऱ्या वर्षी रामेठा काठावर आला होता."

ती चमकली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू दरवेळी खाली येऊन माझ्या उंबऱ्याशी उभी राहायचीस. कोरड्या गवतातून आलेल्या पायाला काही चिकटत नाही. तुझ्या पायांना घोट्यापर्यंत गवताचं बी चिकटलेलं असायचं."

"मग बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्याने दंडगोलावरचा राखेचा जाड थर बोटाने दाबून पाहिला. "मी रागावलो असतो, तर तू माझ्या भीतीनं काडी ओढली असतीस. मला वाटलं, स्वतःहून ओढेल. थांबलो. तिथं माझं चुकलं. गवत माझ्यासाठी थांबलं नाही."

एवढे बोलून त्यांनी डोलीवाल्यांना हाक मारली. तिला क्षमा केली की नाही, हे त्यांच्या बोलण्यावरून तिला कळले नाही, आणि वाचकहो, जो माणूस रागावत नाही त्याच्यापुढे उभे राहणे किती कठीण असते, हे ज्याने अनुभवले असेल त्यालाच तिची त्या रात्रीची झोप कळेल.

बारा मडकी देवळाच्या ओसरीत मांडली गेली. सहा ठिपक्यांची, सहा बिनठिपक्यांची. शिष्या रोज सकाळी तांब्याने पाणी घाली आणि मडक्यात डोकावून बसे.

आठ दिवस गेले. काही नाही. दहा गेले. बाराव्या दिवशी व्यापारी ओसरीवर येऊन प्रत्येक मडक्यात पाहून गेला आणि जाताना म्हणाला, "बाई, मला हरवायला मडकी लागत असतील तर माझी बाग नक्की होणार." हौसाकाकू पाण्याला जाता-येता विचारीत, "काय गं, अंड्यावर बसलीस का? कधी फुटायची?" शिष्या हसण्याचा प्रयत्न करी. तिच्या डोक्यात एकच हिशेब घोळत होता. आपण एक काडी ओढली नाही, त्यामुळे एक पाणथळ गेली. पाणथळ गेली की ओढा जाणार. ओढा गेला की वाडी.

सतराव्या दिवशी सकाळी तिने असा काही आवाज केला, की देवळातली कबुतरे उडाली आणि हौसाकाकूंच्या डोक्यावरची कळशी खाली आली.

"साप हाय का?" काकू धावत आल्या.

शिष्येने बोट दाखवले. बिनठिपक्याच्या दुसऱ्या मडक्यात, काळ्या चिखलातून, सुईच्या टोकाएवढे काहीतरी हिरवे वर आले होते.

काकूंनी डोळे बारीक करून पाहिले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढ्याशा कोंबापायी माझी कळशी चेपली?" आणि मग, जरा वेळाने, हळू आवाजात, "लव्हाळा हाय ना गं हा?"

लव्हाळाच होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मडक्यात तीन कोंब. मग पाणगेंदाच्या चपट्या पानांची इवली चक्रे. तिसाव्या दिवशी सहाही बिनठिपक्यांची मडकी हिरवी होती. ठिपक्याच्या सहांपैकी पाच तशीच उघडी. एकात वाऱ्याने आलेल्या ओसाडी तणाची दोन रोपे.

अक्षय्य तृतीयेला सगळी वाडी देवळापुढे जमली. बारा मडकी दोन रांगांत मांडली होती. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारले, "शेट, आता?"

व्यापारी लगेच हार मानणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, "मंडळी, मी देवळात खोटं बोलणार नाही, आणि कुणी बोलत असेल असंही म्हणत नाही. पण विचार करा. पाणी कुणी घातलं? तात्यांच्या शिष्येनं. ठिपके कुणी लावले? तिनंच. बरं, असेल सगळं खरं. तरी उद्या पुन्हा वणवा आला तर? एवढा मोठा वणवा या माथ्यावर कधी पाहिला होता का कुणी? मग यंदाच का आला? आता दिवस फिरलेत. दव पडत नाही. ही पोर स्वतःच तीन वर्षं 'कोरडे' सांगतेय. अशा दिवसांत पाणथळ जगणार नाही. जे जाणारच आहे, त्याची बाग का करू नये?"

बोलणे बिनतोड होते, आणि ते बिनतोड झाले होते शिष्येच्या तीन खोट्या शब्दांमुळे. तिने तात्यांकडे पाहिले. तात्या ठिपक्याच्या मडक्यांकडे पाहत होते. ते बोलणार नव्हते.

ती उठली.

"शेट, दव पडलं होतं. तिन्ही वर्षी." ती थांबली, पुन्हा सुरू झाली. "मी भ्याले. मी वाडीला कोरडे म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. तीन वर्षांचं गवत साठलं, म्हणून वणवा एवढा मोठा झाला. दिवसांचा त्यात दोष असेल-नसेल. माझा आहे."

सभेत कुजबुज उठली. मागून एक जण म्हणाला, "आणि आम्ही फांद्या घेऊन थंडीत कुडकुडत होतो!" दुसरा म्हणाला, "राखणदारीण!" तो शब्द त्याने कसा उच्चारला, ते लिहिण्याची गरज नाही. शिष्या उभीच राहिली. तिला आतापर्यंत पळून जायला हवे होते, असे तिचे तिलाच वाटत होते. पण पाय हलले नाहीत.

"मला काढून टाका," ती म्हणाली. "पण माझ्या चुकीची शिक्षा पाणथळीला देऊ नका. माझ्यावर विश्वास नसेल तर मडक्यांत हात घालून बघा. शेट, आधी तुम्ही."

व्यापाऱ्याने हिरव्या मडक्यात बोटे घातली. "गार आहे. ओलं. सगळी मुळं."

"आता ठिपक्याचं."

त्याने तिथून चिमूट काढली. महिनाभर पाणी घालूनही ती माती भुसभुशीतच होती. ती काळी नव्हती. विटकरी होती, आणि मुळाचा एक तंतू तिच्यात नव्हता. "वेगळी आहे," तो चाचरला. "माती वेगळी असेल त्या बाजूची."

"आणा इकडं," हौसाकाकू पुढे आल्या. त्यांनी ती माती तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, फुंकली, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. थट्टा कुठल्या कुठे गेली.

"ही माती भाजलीया."

"वणव्यानं तर सगळंच भाजलं, काकू," पाटील म्हणाले.

"नाही पाटील. वणवा ते मधलं चाटून गेला. वर राख, खाली गार. ही माती आतून भाजलीया, दिवसच्या दिवस, मंद. माझी भट्टी असते तशी. चराच्या कोपऱ्यात धूर किती दिवस येत होता?"

"सोळा दिवस," शिष्या म्हणाली. ती रोज जाऊन पाहून येत होती.

"सोळा दिवस! माझी भट्टीसुद्धा तीन दिवसांत उतरते." काकूंनी ती विटकरी माती सभेपुढे धरली. "जन्मभर माती भाजतेय मी. भाजल्या मातीत मडकं निघतं. बी नाही निघत. शेट, तुमच्या चरानं पाणी काढून घेतलं आणि तिथं माझी भट्टी मांडून ठेवली. वणव्यानं येऊन ती फक्त पेटवली. आणखी चार चर मारा, म्हंजे सगळा माथा भट्टी. मग लावा कलमं!"

व्यापारी आपल्या बोटांवरच्या लाल धुळीकडे पाहत राहिला. मग हात न पुसताच तो खाली बसला.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "काळी माती म्हणजे चांगली माती, एवढंच मला ठाऊक होतं."

आता तात्या काठी टेकून उठले. दीड महिन्यात ते प्रथमच सभेत बोलत होते.

"शेट एक गोष्ट खरी बोलले. दिवस फिरलेत. मी लहान असताना मार्गशीर्षात सलग महिनाभर दव पडे. आता चार-दोन दिवस पडतं. पुढं काय होईल, ते मला सांगता येत नाही. पण आपल्या पूर्वजांनी जाळ लावायला तिथी ठरवली नाही, हे तुमच्या ध्यानात आलं का? त्यांनी पाय ठरवला. माथ्यावर कळकात जो चिखल निघाला, त्यात आगीच्या अकरा रेघा आहेत आणि त्यांच्यामध्ये दिवस कितीदा तरी फिरले आहेत. तिथीचा नियम केव्हाच मोडला असता, पायाचा टिकला. आग पाणथळीची वैरीण नाही. ओल्या चिखलावरून ती चालून जाते, झुडपाला काठावर बसवते, आणि खाली चार बोटांवर बी थंडगार झोपलेलं असतं. ज्या दिवशी आपण खालची ओल काढून घेतो, त्या दिवशी तीच आग आत उतरते. ओल सांभाळा आणि पायांनी जे सांगितलं ते तोंडानं खरं सांगा. राखणदाराला याहून जास्त विद्या नसते."

मग ते शिष्येकडे वळले. "आणि हिला काढायचं म्हणता. खोटं बोलल्याबद्दल काढायचं होतं तर तेव्हा काढायला हवं होतं. आज तर ती खरं बोललीय, आणि तेही तिला सगळ्यात जास्त भीती वाटते अशा ठिकाणी."

पाटलांनी सभेवर नजर फिरवली. "चर बुजवायचा?"

हौसाकाकूंनी घरातून घमेले आणले. त्यांच्यामागे दुसरी बाई, मग पाचवी, मग थंडीत कुडकुडलेला तो मघाचा माणूस. अक्षय्य तृतीयेचे जेवण त्या वर्षी वाडीने माथ्यावर केले. संध्याकाळपर्यंत चर दगड-मातीने बुजला. घमेली वाहणाऱ्यांच्या रांगेत व्यापारीही होता; त्याच्या पांढऱ्या धोतराची पार दशा झाली होती आणि हौसाकाकू त्याला येता-जाता म्हणत होत्या, "शेट, लागलं बघा तुम्हाला बागेतलं काम!"

सहा मडक्यांतला हिरवा चिखल शिष्येने त्या कोपऱ्यात नेऊन सहा जागी तसाच लावला. पावसाळ्यात पाणी पुन्हा काठोकाठ चढले. भाद्रपदात पाणथळीच्या मध्यभागी सीतेची आसवं इतकी फुलली, की खालच्या वाडीतली म्हातारी माणसे मुद्दाम चढून पाहायला आली. इतका दाट निळा रंग त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. काठावरचा रामेठा पन्नास पावले मागे गेला होता. पूर्वेचा कोपरा मात्र अजून विरळच होता. तिथे लव्हाळ्याचे सहा गोल ठिपके होते, मडक्यांच्या आकाराचे, आणि ते काठाकाठाने वाढत होते.

मार्गशीर्ष आला आणि निम्मा सरला. पहिल्या पहाटे वाडी फांद्या घेऊन पठाराच्या तोंडाशी उभी राहिली. शिष्या अनवाणी फेरी मारून आली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"कोरडे," ती म्हणाली.

मग पाटलांनी फांदी खांद्यावर टाकली. "ऐकलंत ना? चला घरी. उद्या या." कुणी तिच्या पायांकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी कोरडे. तिसऱ्या दिवशी कोरडे. मार्गशीर्ष संपला, पौष लागला. रोज वाडी येई आणि रोज तिच्या एका शब्दावर परत जाई. एकोणिसाव्या पहाटे ती गवतातून बाहेर आली तेव्हा तिच्या चालण्यातच काहीतरी वेगळे होते. घोट्यापर्यंत पाय चमकत होते आणि त्यांना गवताचे बी चिकटले होते.

"ओले!" ती ओरडली. पठारभर आवाज गेला.

पहिली काडी तिच्या थरथरत्या हातात विझली. दुसरीही. लोक थांबले होते. कुणी हसले नाही, कुणी पुढे होऊन पेटी घेतली नाही. तिसरी काडी धरली तेव्हाही हात थरथरतच होता, पण या वेळी ती थरथर घेऊनच खाली वाकली आणि तिने ती गवताला लावली. जाळ उठला, गुडघ्याएवढा, आणि दवाने सुरसुरत, मान खाली घालून, पाणथळीभोवती चालू लागला. दोन्ही बाजूंनी जांभळाच्या फांद्या सपासप पडू लागल्या. हौसाकाकूंनी आपली फांदी आभाळाकडे उंचावून असा काही जयघोष केला, की तो पायथ्याला, अंगणात बाजेवर पडलेल्या तात्यांना ऐकू गेला.

तात्यांनी डोळे उघडून माथ्याकडे पाहिले. पांढऱ्या धुराचा एक सरळ, शांत पट्टा वर चढत होता. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मग कूस बदलली आणि पुष्कळ दिवसांनी गाढ झोपले.

आपल्या प्रत्येकाच्या माथ्यावर थोडे गवत दरवर्षी वाढतच असते. ज्या पहाटे पाय ओले असतील, त्या पहाटे हात थरथरत असला तरी काडी ओढावी.